भिजवायचं कूलिंग व्हेस्ट: पुण्याच्या उन्हात कितपत कामाचं?

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात बाइकवर घालायचं हे बिनबाह्यांचं व्हेस्ट खरंच गारवा देतं, पण रीत सांभाळली तरच. साध्या पाण्यात दोनेक मिनिटं बुडवा. पिळू नका, तळव्यांनी दाबून पाणी काढा. पिळलं की आतल्या पाणी धरणाऱ्या थराच्या गुठळ्या होतात. शिवणीतून थेंब गळायचे थांबले की पातळ टी-शर्टावर चढवा, वरून जाळीचं जॅकेट.

जॅकेट हवंच. नुसतं व्हेस्ट सोलापूर रस्त्याला 80 च्या वेगात बघता बघता कोरडं ठणठणीत होतं. जाळीखाली दीडेक तास टिकतं, म्हणजे भिगवणच्या आसपास पुन्हा भिजवायचं. चामड्याच्या बंद जॅकेटखाली वाराच लागत नाही, मग बाष्पीभवन कसलं? नुसती ओली उकड. ताम्हिणी उतरून माणगावकडे गेलात की दमट हवेत तीच गत, तिथं सरळ काढून ठेवा. नळस्टॉपच्या सिग्नलला ताटकळतानाही फारशी आशा नको.

माप अंगाबरोबरच घ्या, छातीशी सैल असेल तर गारवा अंगाला पोचत नाही. बोअरच्या जड पाण्यानं कापडावर पांढरे क्षार बसतात. आणि ओलंच डिकीत कोंबलंत, तर दुसऱ्या दिवशी कुबट वास ठरलेला.