ईईजीला पाच तारे, रंगीत नकाशाला भोपळा

नात सहाची, मी 71 चा. दोघांचा ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून काढलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, एकाच सकाळी झाला. ती बोलता बोलता मधेच टक लावून बसते म्हणून, आणि मी रामबागेत भाजी घेताना चक्कर येऊन पडलो म्हणून. सेंटर इंदुरातलंच, नाव लिहीत नाही.

ईईजी काढणाऱ्या मुलीचं कौतुक करायलाच हवं. पोरीला रात्री बारापर्यंत जागवून आणा, असं तिने आधीच बजावलं होतं, त्यामुळे नात पेस्ट लावता लावताच पेंगली. टेपने मोजून, भांग पाडत पाडत एकेक वायर चिकटवली, घाई म्हणून नाही. माझ्या वेळी मात्र कानशिलाजवळच्या रेघा काटेरी तारेसारख्या दाट झाल्या. "दादाजी, जबड़ा ढीला छोड़िए," ती म्हणाली. दात सोडले, रेघा लगेच पातळ! मी 34 वर्षं वीज मंडळात काढली, 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांची, विजेची गुणगुण कुठून शिरते ते मला कळतं. पण 20 हर्ट्झच्या वर जबड्याचे नि कपाळाचे स्नायू मेंदूला असे झाकून टाकतात, हे पहिल्यांदाच पाहिलं.

आता तक्रार. काउंटरवर 'ब्रेन मॅपिंग'चे 1800 रुपये वेगळे लावले. कागदावर ईईजीवरून काढलेलं रंगीत डोकं, दोन्ही कानशिलं लालभडक, खाली शेरा: बीटा जास्त, वयाच्या मानाने ताण. अहो, बीटा म्हणजे 13 ते 30 हर्ट्झच्या लहरी. त्यात माझे दात आले, आणि रोज रात्रीची क्लोनाझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या औषधाची अर्धी गोळीही आली. ती बीटा वाढवते, हे डॉक्टरांनीच सांगितलं. गोळीचं नाव मी फॉर्मवर लिहिलं होतं, वाचलं कोणी?

नातीच्या कागदावर तर "हाय फ्रिक्वेन्सी नॉर्मल". डॉक्टर म्हणाले, लहान मुलांत झोपेत 80 हर्ट्झच्या वरच्या बारीक लहरी डोक्यावरूनही सापडतात, धडधाकट मुलांतसुद्धा. वय वाढेल तशा कमी होतात. पण कोपऱ्यात बारीक छापलंय की फिल्टर 70 हर्ट्झला, म्हणजे त्यावरच्या लहरी गाळलेल्या. जे गाळून टाकलं, ते नॉर्मल कसं?

डॉक्टरांनी मूळ आलेख स्वतः उलगडून दहा मिनिटं समजावला, तेवढ्यासाठी मी तिथे पुन्हा जाईन. नकाशाला नाही म्हणा. लिफ्ट बंद होती, दोन जिने चढावे लागले. पेस्ट निघायला दोनदा शाम्पू लागला, आणि जागरणाची भरपाई नातीने पोहे-जलेबीत वसूल केली.