जुना मलावरोध: इसबगोल, आयुर्वेद की ॲक्युपंक्चर?

पोट साफ होत नाही म्हणून ॲक्युपंक्चर घ्यावं का, याचा निर्णय बहुतेक जण सुयांची भीती जास्त की गोळ्यांचा कंटाळा जास्त, यावर घेतात. माझ्या मते दोन गोष्टी पाहाव्यात: मलावरोध कोणत्या प्रकारचा आहे, आणि दोन महिने दवाखान्याच्या फेऱ्या घालणं खरंच जमणार आहे का.

रोज शौचाला व्हायलाच हवं असं नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतका फरक निरोगी माणसांतही असतो. पण मल खड्यासारखा होतो, कुंथावं लागतं, जाऊन आल्यावरही पोट मोकळं वाटत नाही आणि हे महिनोन्महिने चाललंय, तर उपाय हवा. मात्र रक्त जातंय, वजन घटतंय, रक्त कमी झालंय किंवा पन्नाशीनंतर त्रास पहिल्यांदाच सुरू झालाय, तर कुठल्याही पद्धतीची तुलना करत बसू नका. आधी तुमच्या डॉक्टरांकडे किंवा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जा. लोहाच्या, कॅल्शियमच्या, काही रक्तदाबाच्या आणि वेदनाशामक गोळ्यांनीही कोठा अडतो. थायरॉईड मंद असलं तरी अडतो. अशा वेळी मूळ कारण तसंच ठेवून सुया टोचून घेण्यात अर्थ नाही.

पहिला मुक्काम स्वयंपाकघरातच. नाश्त्याला पाव, दुपारी पांढरा भात आणि हुमण (माशाची आमटी), रात्री पुन्हा तेच, अशा ताटात चोथा फारसा नसतो. तांबडी भाजी (लाल माठ), अळसांदे (चवळी), मूगगाठी आणि मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोळी (पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडचा कोंड्याचा पाव, आपली पोळी नव्हे) यांनी पुष्कळ फरक पडतो. जोडीला इसबगोल, पेलाभर पाण्यासोबतच. पाणी कमी पडलं तर उलट अडकतो. हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि तीन-चार आठवडे नेटाने करून पाहावा. पण ज्यांचं आतडंच मंद चालतं किंवा शौचाच्या वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात, त्यांचं चोथ्याने फक्त पोट फुगतं.

त्यानंतर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती दीर्घकाळ घेता येतात. सवय लागण्याची भीती लोकांना वाटते तितकी खरी नाही. मर्यादा एवढीच, की औषध थांबलं की त्रास बऱ्याचदा परततो.

आयुर्वेद मृदू, मध्यम की क्रूर कोष्ठ (म्हणजे कोठा हलका की जड), हे आधी पाहतो आणि त्यावरून त्रिफळा, एरंडेल की बस्ती (औषधी एनिमा) ते ठरवतो. पेडण्यात धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, तेव्हा वैद्यांकडून तपासून घेणं अवघड राहिलेलं नाही. दुकानातून आणलेल्या चूर्णाच्या डबीवर सोनामुखी आहे का, ते मात्र वाचा. ती रेचक आहे, रोज मनाने घ्यायची वस्तू नव्हे.

ॲक्युपंक्चर ज्यातून आलं ते चिनी वैद्यकही असंच वर्गीकरण करतं, जीभ आणि नाडी पाहून. उष्णतेने कोरडा पडलेला मल, ताणाने ‘ची’ (शरीरातली प्राणशक्ती) अडून फुगलेलं पोट, आणि अशक्तपणा, ज्यात मल मऊ असूनही तो बाहेर टाकायला जोर पुरत नाही. सुया टोचायच्या बिंदूंची निवड त्यावरून होते. बेंबीच्या दोन्ही बाजूंचा तिआनशू आणि नडगीवरचा शांगज्यूशू हे नेहमीचे.

पुरावाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. चीनमधल्या १५ रुग्णालयांत तीव्र, जुनाट मलावरोधाच्या १०७५ रुग्णांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सुयांमधून सौम्य वीजप्रवाह दिलेल्या गटात सुमारे ३१ टक्के रुग्णांना आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक वेळा, कुठल्याही रेचकाविना, पूर्ण शौचाला होऊ लागलं. तुलनेसाठी नुसता दिखाऊ, खोटा उपचार दिलेल्या गटात सुमारे १२ टक्के. उपचार संपल्यानंतरच्या बारा आठवड्यांतही फायदा टिकला, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पण ३१ टक्के म्हणजे दहातले तिघे. शिवाय त्यासाठी आठ आठवड्यांत २८ बैठका होत्या, पहिले दोन आठवडे तर आठवड्यातून पाच. वाळपईहून पणजीला किंवा काणकोणहून मडगावला, ऐन पावसात, कामावरून रजा काढून हे जमेल का? आठवड्यातून एकदा जाऊन त्या चाचणीतल्या निकालाची अपेक्षा धरता येणार नाही. म्हणून एका बैठकीचे किती, हे न विचारता पूर्ण क्रमाचा खर्च विचारा.

ही विद्या भारतात आणली ती १९३८ साली सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत चीनला गेलेल्या पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. केंद्राने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, तरी शिक्षण सगळ्यांचं सारखं नाही. कुठे, किती वर्षं शिकलात, हे बेधडक विचारा. सुया एकदाच वापरायच्या असाव्यात आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असावं.

चोथा, पाणी आणि औषध नीट घेऊनही ज्यांना गुण नाही, किंवा औषध सोसत नाही, आणि दवाखाना घरापासून जवळ आहे, त्यांनी सुया जरूर घ्याव्यात. चालू औषधं मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. गरोदर असाल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. पेसमेकर असलेल्याने विजेच्या सुया घेऊ नयेत.