‘पॅक बदलावा लागेल’ म्हणाले, म्हणून मी वही काढली : इलेक्ट्रिक गाडी, तीन वर्षं, ५४,००० किमी

जानेवारीत बुटीबोरीहून घरी येताना जामठ्याला डॅशबोर्डवर १९ टक्के दिसत होते. खापरी येईपर्यंत ते ६ झाले. मधे पाच-सहा किलोमीटरसुद्धा नाहीत. एसी बंद केला, वेग चाळीसवर आणला आणि कशीबशी गाडी घरी पोचवली. त्याच आठवड्यात असं आणखी दोनदा झालं.

सर्व्हिस सेंटरला गाडी दिली. दुसऱ्या दिवशी ॲडव्हायझरचा फोन आला, "सर, बॅटरी वीक झालीये. पॅक बदलावा लागेल." अंदाजपत्रक सहा लाखांच्या पुढे, कर वेगळा. वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची असताना पैसे कशाचे, असं विचारलं. उत्तर मिळालं, "बॅटरीची तब्येत ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच वॉरंटी लागते, तुमची वर आहे." मग किती आहे? तो आकडा ते सांगेनात. सहा लाख मागताना ज्या आकड्यावर सगळं ठरतं, तोच कागदावर द्यायचा नाही! या एका गोष्टीचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव इतरांनाही वेगवेगळ्या शोरूममध्ये आलेला ऐकतो.

माझ्याकडे मात्र वही होती. २०२३ च्या पाडव्याला गाडी घेतली, तेव्हाच पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला वेगळा सबमीटर बसवला होता. विजेचा खर्च कळावा, एवढाच हेतू. पहिल्या महिन्यात १० टक्क्यांपासून १०० पर्यंत चार्ज करायला मीटरवर ४० युनिट पडल्याची नोंद वहीत सापडली. चार्जर तोच, सॉकेट तेच, म्हणजे चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीजही साधारण तेवढीच. तेव्हा आज किती युनिट पडतात ते बघितलं की बॅटरी किती उरली ते कळतं. गाडी घरी आणून मोजलं तर ३२ भरले. तीन वर्षांत वीस टक्के गेले! त्या रात्री गाडी विकायचं मनात पक्कं केलं होतं. हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर "इलेक्ट्रिक घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं.

मत बदललं ते सर्व्हिस सेंटरमधल्याच एका तरुण टेक्निशियनमुळे. गाडी परत घ्यायला गेलो होतो, तेव्हाच त्याने हळूच विचारलं होतं, "काका, घरी शंभर टक्के करता का कधी?"

"नाही रे, ऐंशीला प्लग काढतो. बॅटरी टिकते म्हणतात."

"ते दुसऱ्या केमिस्ट्रीला. तुमची एलएफपी आहे. रोज रात्री स्लो चार्जिंगवर लावा अन् सकाळपर्यंत काढूच नका. महिना-दीड महिना करून पाहा."

नंतर मी हे नीट समजून घेतलं. एलएफपी म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेट. या सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. ३० टक्के आणि ७० टक्के यांत फरक इतका थोडा की बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएसला नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधता येत नाही. ते आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजत राहतं आणि चूक साचत जाते. पूर्ण चार्ज झाला की ती चूक पुसली जाते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पॅकमधले सेल एका माळेत असतात. एखादा सेल इतरांपेक्षा थोडा रिकामा राहिला की उतरताना तोच आधी तळ गाठतो आणि गाडीला तिथेच थांबावं लागतं. एखादा जास्त भरलेला असला की चार्ज होताना तो आधी भरतो आणि चार्जिंग लवकर बंद होतं. म्हणजे बाकीचे सेल ठणठणीत असूनही दोन्ही टोकांनी पॅक आखूड होतो. हे सेल समान पातळीवर आणण्याचं काम, म्हणजे बॅलन्सिंग, माझ्या गाडीत अगदी वरच्या टोकाला आणि फार हळू होतं. मी तीन वर्षं ऐंशीलाच प्लग काढत होतो, म्हणजे ते काम होऊच देत नव्हतो. ऐंशीचा सल्ला निकेल असलेल्या एनएमसी बॅटरीसाठी बरोबर आहे, माझ्या गाडीला तो लावणं चूक होतं. डिलिव्हरीच्या वेळी हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

मग रोज रात्री प्लग लावून ठेवला. वहीतल्या नोंदी: दोन आठवड्यांनी ३४, चार आठवड्यांनी ३६, सहा आठवड्यांनी ३७.४. तिथे आकडा स्थिरावला. तीन वर्षांत साडेसहा टक्के घट. जिओटॅब या कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्यांची माहिती तपासून वर्षाला सरासरी १.८ टक्के घट सांगितली होती. त्या हिशेबाने ५.४ यायला हवे होते. वरचा एक टक्का मी नागपूरच्या मे महिन्याच्या नावावर टाकतो.

उन्हाबद्दल गंभीर राहा. २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या मालकांनी क्षमता झपाट्याने उतरल्याच्या तक्रारी केल्या. आपल्याकडच्या माझ्यासारख्या गाड्यांना द्रवाचं शीतकरण आहे, पण भर दुपारी शंभर टक्के भरलेली गाडी उन्हात तासन्‌तास उभी करू नका. मी कंपनीच्या गेटजवळच्या कडुनिंबाखालची जागा मिळावी म्हणून उन्हाळ्यात वीस मिनिटं लवकर निघतो.

आता पॅक बदलायचा का नाही. माझं रोजचं येणं-जाणं साठ किमी. नवी असताना गाडी २७० किमी जायची, आज अडीचशे जाते. क्षमता सत्तर टक्क्यांवर आली तरी १९० किमी जाईल. मग सहा लाख कशासाठी? त्यातही गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि सुट्या लिथियम बॅटरीवर १८. सहा लाखांवर हा फरकच ७८,००० रुपये होतो. वापरत असलेली गाडी टिकवणाऱ्याने जास्त कर भरायचा, हे मला पटत नाही. उलट पॅकचे दर उतरत आहेत. ब्लूमबर्गच्या पाहणीत २०१० मध्ये एका युनिटमागे हजार डॉलरच्या वर असलेली किंमत २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. जितकं थांबाल तितकं स्वस्त. आणि त्या अंदाजपत्रकात जुन्या पॅकची किंमत शून्य धरली होती. ऐंशी टक्के उरलेला पॅक सोलरची वीज साठवायला चालतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. बदलायची वेळ आलीच तर जुन्याचे किती देणार, ते आधी लिहून घ्या. आणि पूर्ण पॅक बदलणार की एकच मॉड्यूल, म्हणजे पॅकमधला सेलचा एक गट, हेही.

एक वेगळी गोष्ट. मागच्या पावसाळ्यात गाडी अजिबात उघडेना, तेव्हा ही म्हणाली, "अहो, बॅटरी संपली बहुतेक." संपली होती ती साधी १२ व्होल्टची. काही हजारांत काम झालं. गाडी मेली की सगळे मोठ्या पॅककडे बोट दाखवतात, आधी ही तपासा.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत.

बॅटरीची तब्येत, म्हणजे एसओएच, लेखी द्या, असा अर्ज मी फेब्रुवारीत दिला. पोच घेतली, दोन स्मरणपत्रं दिली, उत्तर नाही. वॉरंटी २०३१ च्या पाडव्यापर्यंत आहे आणि तो कागद मिळेपर्यंत मी दर महिन्याला जाणार आहे. पुढची मोजणी मे संपल्यावर, तोपर्यंत वहीत शेवटची नोंद ३७.४.