कायरोप्रॅक्टर ‘लियनवर’ केला: 10 महिन्यांनंतरचा हिशेब आणि 1,085 डॉलरचा बर्फ

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीच्या अपघाताच्या केसची सेटलमेंट शीट (मिळालेले पैसे कुणाला किती गेले याचा हिशेब) आली, सोबत सगळी बिलं, आणि तेव्हापासून डोक्यात एकच ओळ फिरतेय, ‘कोल्ड पॅक, 35 डॉलर’. अशा 31 ओळी आहेत. म्हणजे 1,085 डॉलरचा बर्फ! आईला नाशिकला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, तुमच्याकडे फ्रीज नाहीये का?”

फेब्रुवारी 2025 मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला 880 हायवेवर एकाने मागून ठोकलं. चूक पूर्ण त्याची, त्यावर वाद नव्हताच. इमर्जन्सी रूम आणि एमआरआय नवऱ्याच्या कंपनीच्या हेल्थ प्लॅनवर झालं. मग वकील केला, पैसे मिळाले तरच एक तृतीयांश फी, आणि त्याच्या ऑफिसातूनच सांगितलं की मानेसाठी या कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मान-पाठीवर उपचार करणारा) जा, आत्ता खिशातून काही द्यायचं नाही, लियनवर करतील, म्हणजे बिल नंतर केसच्या पैशांतून घेतील. काही द्यायचं नाही म्हटल्यावर मी कशाला वाचतेय, केली सही. केसमधून काही मिळालं नाही तरी बिल तुमचंच, हे बारीक अक्षरातलं घरी येऊन वाचलं.

पहिले तीन-चार महिने मी सगळ्यांना रेकमेंड करत होते हं. अपॉइंटमेंट लगेच, को-पे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) नाही, मान खरंच बरी झाली. तेव्हा विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

मग कळलं की समोरच्याची पॉलिसी फक्त 30,000 ची. कॅलिफोर्नियात 2025 पासून तेवढं मिनिमम झालंय, आधी तर 15,000 च होतं. त्याच्या नावावर घर-बिर काही नाही, त्यामुळे त्यापुढे एक डॉलर येणार नव्हता. आणि गोम इथेच आहे. हेल्थ इन्शुरन्सवर उपचार घेतले की इन्शुरन्सने प्रत्यक्षात जेवढे भरले तेवढाच खर्च धरतात, 2011 च्या हॉवेल निकालापासून इथे तसंच आहे. लियनवर घेतले तर अख्खं बिल पुढे ठेवता येतं, मागणी फुगते, म्हणून वकिलांना लियन आवडतं. समोर मोठी पॉलिसी असेल तर ठीकच आहे, पण मुळात 30,000 च मिळणार असतील तर बिल फुगवून समोरच्याचं काय जाणार, कापला जातो आपलाच वाटा. समोरची इन्शुरन्स कंपनी लिमिट चटकन सांगत नाही हे मान्य, पण कळेपर्यंत हेल्थ प्लॅनवर जा, असं तरी कुणी म्हणायचं ना. 

आपलं स्वतःचं अंडरइन्शुअर्ड कव्हर (समोरच्याची पॉलिसी कमी पडली तर आपल्याच ऑटो पॉलिसीतून मिळणारं) आहे की, असं वाटलं, तर तेही आम्ही 30,000 च ठेवलेलं. इथे ते समोरच्यापेक्षा जास्त असेल तरच, आणि वरच्या फरकापुरतंच मिळतं. म्हणजे शून्य. सहा महिन्यांना 40 डॉलर वाचवत होतो आम्ही!

पहिला हिशेब असा आला: 30,000 मधून वकील 10,000, खर्च 412, हेल्थ प्लॅनने उपचारांवर भरलेले आणि आता परत मागितलेले 6,840, कायरोप्रॅक्टरचे 9,300. हातात 3,448. मी वकिलाला एक स्टार द्यायला बसले होते.

पण इथे मत बदलावं लागलं. आमच्या हेल्थ कार्डावर लोगो इन्शुरन्स कंपनीचा असला तरी पैसे नवऱ्याच्या कंपनीचे, सेल्फ-फंडेड प्लॅन. साधा इन्शुरन्स असता तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना सेटलमेंटच्या एक तृतीयांशाच्या वर जाता आलं नसतं आणि वकिलाच्या फीचा भारही उचलावा लागला असता. सेल्फ-फंडेड प्लॅन एरिसा या कंपन्यांच्या प्लॅनसाठीच्या फेडरल कायद्याखाली येतो, त्याला कॅलिफोर्नियाचा हा कायदा लागत नाही, प्लॅनच्या कागदात असेल ते खरं. वसुलीवाल्यांचं पत्रच होतं, पूर्ण 6,840 द्या. वकिलाने माहितीपुस्तिका बाजूला ठेवून कंपनीकडून मूळ प्लॅन डॉक्युमेंट मागवलं, दोनदा आठवण करून आणलं, आणि त्यात वकिलाच्या फीबद्दल एक अक्षर नव्हतं. कागद गप्प असेल तर फीचा वाटा प्लॅननेही सोसायचा, हे 2013 च्या यूएस एअरवेज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. एक तृतीयांश कमी झाले, 4,560 वर आले.

कायरोप्रॅक्टर बऱ्याच फोनांनंतर निम्म्यावर आला, 4,650. मी म्हटलं निम्मं राहू दे, आधी तो बर्फ काढा. रिसेप्शनवाली म्हणाली ओळीप्रमाणे कमी करत नाही, टोटलवरच करतो. म्हणजे बर्फ शेवटी साडेसतरा डॉलरला पडलाच, आणि तो सुद्धा दहा मिनिटांत वितळणारा.

हातात आले 10,378. वकिलाला चार स्टार, एक त्या सहीबद्दल कापला. क्लिनिकला मानेचे दोन, बाकी काही नाही.

परवा ऑटो पॉलिसी रिन्यू करताना अंडरइन्शुअर्ड कव्हर 100/300 केलं, म्हणजे एका माणसाला 1 लाख आणि एका अपघाताला 3 लाख डॉलरपर्यंत. नवरा म्हणाला, एवढं कशाला, महिन्याला किती वाढतंय बघ. मी काही बोलले नाही, सेटलमेंट शीट त्याच्यासमोर ठेवली.