फ्रेंच प्रेस रोज वापरल्यावर: भांडं साधं घ्या, पैसे ग्राइंडरवर घाला

गेल्या पावसाळ्यापासून घरी सकाळची कॉफी फ्रेंच प्रेसमध्येच (कॉफी मुरली की दांड्याची जाळी खाली दाबून गाळायचं भांडं) होतेय, 350 मिलीची काचेची साधी प्रेस, आणि आता ठामपणे सांगते की कॉफी चांगली होणं या भांड्यावर फारसं नाहीच, सगळं दळण्यावर आहे.

भांड्यात असतं काय, तर बोरोसिलिकेट म्हणजे उष्णता सोसणारी काच, दांडा, जाळी आणि जाळीभोवतीची स्प्रिंग. 1929 साली मिलानच्या कॅलिमानी आणि मोनेटा यांनी पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, त्यामुळे महागडं मॉडेल घेऊन चव वाढत नाही. जाळी काचेला सगळीकडून नीट टेकते ना तेवढं बघा आणि सुटी काच मिळते का विचारून ठेवा. स्टीलची डबल वॉलवाली घेतलीत तर फुटायची भीतीच नाही, कॉफीही जास्त वेळ गरम राहते.

आता दळणाचं. दुकानात मिळणारी फिल्टर कॉफी पावडर बारीक असते, बऱ्याचदा त्यात चिकोरीही असते, ती यात घातली की जाळी चोंदते, दांडा खाली जात नाही, आणि जोर लावला तर गरम कॉफी हातावर उडू शकते, त्यामुळे जोर लावूच नका. जाड रव्याएवढी भरड पाहिजे. मिक्सरमध्ये ती होत नाही, अर्धी पूड आणि अर्धे तुकडे निघतात, पूड कडू उतरते, तुकड्यांचा अर्क पुरता उतरतच नाही, मग एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (दोन दातेरी भागांमध्ये दाणे एकसारखे दळणारा) घ्या, रोज ताजं दळा, फरक पहिल्याच कपात कळतो.

माझं प्रमाण 20 ग्रॅम कॉफीला 300 मिली पाणी. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, सगळं पाणी ओतायचं, ढवळायचं, 4 मिनिटं झाकून ठेवायचं. मग वर आलेला थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा आणि अजून 3-4 मिनिटं अजिबात हात लावायचा नाही, कारण बारीक कण तेवढ्यात तळाला बसतात. दांडा तळापर्यंत दाबू नका, जाळी पृष्ठभागाच्या जरा खाली गेली की बास, नाहीतर बसलेला गाळ परत वर येतो. आणि लगेच सगळी कॉफी ओतून घ्या, भांड्यात राहिलेली मुरत मुरत कडू होते.

दाणे चिकमगळूरचे, अरेबिका, मीडियम रोस्ट. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तरच घेते आणि महिन्याभरात संपवते. कोरी पिणाऱ्यांना तर हा ताजेपणा फारच जाणवेल. आमच्या आईंना मात्र दूध, साखर, जायफळ घातलेलीच कॉफी लागते, त्यांच्यासाठी कॉफी तेवढीच ठेवून पाणी 200 मिली घेते, तरी साऊथ इंडियन फिल्टरच्या डिकॉक्शनएवढी दाट होत नाही. घरात सगळेच दुधाची पिणारे असतील तर खरंच प्रेस घेऊ नका, तो स्टीलचा फिल्टरच बरा.

एक महत्त्वाचं, धातूच्या जाळीतून कॉफीतलं तेल कपात उतरतं, चव भरदार त्यामुळेच लागते, पण त्या तेलातल्या कॅफेस्टॉल नावाच्या घटकाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागदी फिल्टर ते बरंचसं अडवतो. ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच जास्त आहे त्यांनी रोज प्रेसची पिऊ नये असं मला मनापासून वाटतं.

धुण्याचा थोडा कंटाळा आहे. चोथा बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो, मी गाळून कुंड्यांना घालते. जाळी मात्र दर आठवड्याला पूर्ण सुटी करून साबणाने धुवाच, तेल अडकून खवट वास येतो.

आपल्या चिखलदऱ्यातही कॉफी होते, तिथले ताजे भाजलेले अख्खे दाणे पुण्यात कुठे मिळतात का, कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा, यात करून बघायचे आहेत.