विश्वस्त मंडळातील एक जागा: डॉक्टरांना की परिचारिकेला?

धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळात एकच जागा रिकामी असेल, तर ती ज्येष्ठ डॉक्टरांकडे जाणार हे बहुधा चर्चेशिवायच ठरून जाते.

त्यामागे कारण आहे. कॅथलॅबचा (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व उपचार करणाऱ्या यंत्रकक्षाचा) कोट्यवधींचा प्रस्ताव समोर आल्यावर, ती चालवायला तंत्रज्ञ कुठून आणणार आणि वर्षभरात रुग्ण किती येणार, हे कंपनीच्या प्रतिनिधीला विचारू शकणारे डॉक्टरच असतात. मात्र ज्यांचे मानधन त्याच यंत्रावर होणाऱ्या उपचारांवर अवलंबून आहे, त्यांनी खरेदीवर आणि दरपत्रकावर मत देणे योग्य नाही. बाहेरचे किंवा निवृत्त डॉक्टर घेतले, तर हा पेच सुटतो. पण वॉर्डातील आजची स्थिती त्यांना ठाऊक नसते.

ती मेट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, ठाऊक असते. रात्रपाळीला तीस खाटांमागे एकच सिस्टर होती, इमर्जन्सी ट्रॉलीतील औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) तीन दिवस पडून राहिला, हे सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून कामाची सूत्रे घेताना, उघड होते. मंडळासमोर मात्र ते ‘मनुष्यबळ खर्च’ या एका ओळीत येते. निर्धनांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्या खाटांवर प्रत्यक्षात कोण झोपले आहे, हेही वॉर्डातच दिसते. अडचण एवढीच, की आपली वेतनवाढ ठरवणाऱ्यांसमोर पगारी परिचारिकेने स्पष्ट बोलणे सोपे नाही.

इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेची (एनएचएस) रुग्णालये चालवणाऱ्या फाउंडेशन ट्रस्टच्या संचालक मंडळात डॉक्टर किंवा दंतवैद्य आणि परिचारिका किंवा सुईण, असे दोन्ही कार्यकारी संचालक कायद्यानेच असावे लागतात. तरीही स्टॅफर्ड रुग्णालयात रुग्णांची भीषण हेळसांड झाली आणि मंडळाचे लक्ष आर्थिक ताळेबंदावर व उद्दिष्टांवर राहिल्याचे 2013 च्या चौकशी अहवालाने दाखवले. परिचर्या संचालक तिथेही होत्याच.

माझे मत असे, की वैद्यकीय संचालक प्रत्येक बैठकीत अहवाल मांडत असतील, तर डॉक्टरांचे म्हणणे मंडळापर्यंत पोचतेच. अशा वेळी जागा परिचारिकेला द्यावी, आणि तीही मताधिकारासह, कारण ‘निमंत्रित’ म्हणून बोलावलेल्या मेट्रनला चहा मिळतो, मत मिळत नाही. ट्रस्ट डीडनुसार (न्यासाच्या स्थापनापत्रानुसार) पगारी कर्मचारी विश्वस्त होऊ शकत नसेल, तर दुसऱ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या मेट्रनचा विचार करावा, आणि नेमणुकीनंतर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) दाखल करावा.