गल की घसरण? गोट्यांचं पाकीट उघडण्याआधी

गोट्यांचं जाळीचं पाकीट मुलाच्या हातात दिलं की पहिला अर्धा तास मजेत जातो. मग निम्म्या गोट्या कपाटाखाली जातात आणि एखादी आजीच्या पायाखाली येते. पाकीट आणण्याआधी मुलाचं वय तर बघाच, पण त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत: जवळपास माती आहे का आणि खेळायला किती जण आहेत? यांची उत्तरं मिळाली की निवड जवळपास झालीच.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मात्र पाकीट वरच्या फळीवर ठेवा. लहान मुलांची खेळणी तपासताना 31.7 मिमी व्यासाची नळी वापरतात आणि तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयाला धोक्याची धरतात. आपली नेहमीची गोटी असते साधारण 16 मिमी. मोठं भावंड खेळून झाल्यावर गोट्या मोजून परत ठेवायची सवय तिथूनच लावावी लागते.

माती आणि तीन-चार सवंगडी असतील तर गल सोडून दुसरं काही सुचवणार नाही. मूठभर रुंदीचा खळगा खणायचा, आठ-दहा पावलांवर रेघ मारायची आणि तिथून गोट्या टाकायच्या. ज्याची गलीत किंवा गलीच्या सर्वांत जवळ, त्याचा पहिला डाव. मग अंगठा जमिनीला टेकवून, मधलं बोट धनुष्यासारखं मागे ताणून दुसऱ्याच्या गोटीवर नेम. प्रत्येक टोल्याला मोजणी: एकलम खाजा, दुब्बी राजा, तिराण भोजा… दहापर्यंत. गावागणिक पाठ बदलतो, आणि कुणाचा बरोबर यावरून खेळाइतकंच भांडण होतं, ते होऊ द्यावं. शेवटी जो उरतो त्याची गोटी बाकीचे टोलवत लांब नेतात आणि आमच्याकडे त्याला ती कोपराने ढकलत गलीपर्यंत आणावी लागायची. कोपरं सोलायची, आया ओरडायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गल. पाऊस सरल्यावर जमीन जरा ओलसर असते तेव्हा गल नीट खणता येते आणि कडा टिकतात. मेच्या भुसभुशीत धुळीत ती दहा मिनिटांत ढासळते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला बोट ताणणं जमत नाही. तो चिडतो आणि गोटी सरळ फेकून मारतो. अशांसाठी रिंगण बरं. वर्तुळात गोट्या ठेवायच्या आणि बाहेरून एका मोठ्या गोटीने त्या वर्तुळाबाहेर काढायच्या, लहान मुलाने नुसती घरंगळत सोडली तरी चालतं. हा खेळ जगभर आहे. इंग्लंडमध्ये टिन्सली ग्रीनला गुड फ्रायडेला जी मोठी स्पर्धा होते, तिच्यात सहा फुटी रिंगणात 49 गोट्या मांडतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पर्धेत दहा फुटी रिंगण आणि फक्त 13 गोट्या, फुलीच्या आकारात; आधी सात बाहेर काढेल तो जिंकला. घरी 13ची मांडणी सोयीची, कारण डाव लवकर संपतो आणि रडारड व्हायच्या आत दुसरा सुरू होतो.

फ्लॅटमधल्या टाइल्सवर मात्र रिंगणही फसतं. गोटी थांबतच नाही आणि तिचा टकटकाट खालच्या मजल्यापर्यंत पोचतो. उपाय साधा आहे: जाड सतरंजी किंवा जुनी गोधडी पसरा आणि सुतळीचं रिंगण करा. रेघेपेक्षा सुतळी बरी, ‘बाहेर गेली की नाही’ हा वाद मिटतो. गलीची सर मात्र गोधडीला येत नाही, हे कबूल.

मूल एकटंच असेल तर? ब्रेनव्हिटा. बोर्डावर 33 खळगे, 32 गोट्या, मधला खळगा रिकामा. एका गोटीवरून उडी मारून पलीकडे जायचं आणि जिच्यावरून उडी मारली ती उचलायची. शेवटी मध्ये एकच उरली की जिंकलात. एक उरायला बरोबर 31 उड्या लागतात, कमी नाही, जास्त नाही. विकतचा बोर्ड मिळतो, पण शाडूच्या मातीचा घरी केलेला मला जास्त आवडतो: दोन सेंटिमीटर जाडीची पोळी थापायची, अडीच-अडीच सेंटिमीटरवर गोटीने खळगे दाबायचे. दाबताना गोटी थोडी गोल फिरवा, कारण शाडू वाळताना आक्रसतो. गोट्या आत ठेवून वाळवू नका, तडा जातो. सावलीत वाळवा. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाला हा खेळ फार वेळ धरून ठेवत नाही. बोर्ड करण्यात रमेल, खेळायला मात्र तुम्हीच बसाल.

लहान हातांना रंगकाम जास्त आवडतं. मिठाईच्या खोक्यात तळाला कागद, त्यावर पोस्टर कलरचे चार-पाच थेंब, दोन-तीन गोट्या, झाकण लावून खोकं हलवायचं. दहा मिनिटांत चित्र तयार आणि पसारा खोक्यातच. पण दोन-तीन चित्रांनंतर मूल कंटाळतं, म्हणून याला मी दुपारचा विरंगुळा म्हणेन, खेळ नाही. तापवलेल्या गोट्या बर्फाच्या पाण्यात टाकून आत तडे पाडायची हस्तकला कुणी सुचवली तर सोडून द्या. काच तडकते तेव्हा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

राहिली घसरण, म्हणजे गोटी घरंगळायची उतरती वाट, आणि घरातल्या खेळांत माझं मत तिला. पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या चिरल्या की एकाच्या दोन पन्हाळी होतात आणि गोटी पळताना दिसते. त्या भिंतीवर चिकटवायला मास्किंग टेप घ्या. सेलोटेपने रंग निघतो, आमच्या पॅसेजची भिंत अजून ते सांगते. मुलं सुरुवातीला ती तीव्र उताराची करतात आणि गोटी पहिल्याच वळणावर उडून बाहेर पडते. मग आव्हान उलटं द्या: गोटी खाली पोचायला जास्तीत जास्त वेळ लागला पाहिजे. उतार कमी केला तर मध्येच थांबते, वाढवला तर उडते. या दोन्हींमधली जागा शोधण्यात अख्खा रविवार जातो. एकट्यालाही चालते, चौघांनाही, आणि सहा वर्षांचा भाऊ नि अकरा वर्षांची ताई एकत्र रमतात अशी ही एकच.

एक गोष्ट आधी ठरवून घ्या, गल असो वा रिंगण: खऱ्याने की खोट्याने? खऱ्याने म्हणजे हरलेली गोटी गेली ती गेली. मी खऱ्याने खेळू देतो, पण प्रत्येकी पाचच गोट्या घेऊन. सगळ्या गेल्या तरी पाकिटात उरतातच, आणि रडीचा डाव खेळणाऱ्याला चारचौघांत काय ऐकावं लागतं हे आपण सांगण्यापेक्षा सवंगडी नीट सांगतात.

सोसायटीत माती नाही, पण दिवाळीला किल्ला होतो, अशांसाठी आणखी एक. किल्ल्याला माती आणलेलीच असते. बुरुजापासून पायथ्यापर्यंत वळणावळणाची वाट बोटाने कोरा, कडेला चिखलाचा कठडा द्या, पायथ्याशी गल खणा. वाट वाळल्यावर गोटी सोडा. मावळे मात्र आधी वाटेतून बाजूला काढा.